दोदोन्पा : एका धक्क्याची वीस वर्षं

१३ मार्च २०२४ रोजी जपानमधल्या फुजी-क्यू हायलँड या मनोरंजन उद्यानाने जाहीर केलं, की 'दो-दोदोन्पा' हा रोलर कोस्टर आता पुन्हा सुरू होणार नाही. तो ऑगस्ट २०२१ पासून उभाच होता, त्यामुळे धक्का कुणाला बसला नाही. पण जगातल्या सगळ्या कोस्टरांत सर्वांत झपाट्याने वेग घेणारा कोस्टर या घोषणेने इतिहासजमा झाला. वेग घेण्याची हीच ताकद त्याची कीर्ती होती, आणि त्याचा शेवटही तिच्याभोवतीच घडला.

विक्रमांचं उद्यान

फुजी-क्यू हायलँड यामानाशी प्रांतात, फुजी पर्वताच्या उत्तर पायथ्याशी फुजियोशिदा इथे आहे. टोकियोच्या शिंजुकूहून बसने पावणेदोन तासांच्या आत पोहोचता येतं. स्वच्छ हवेच्या दिवशी रुळांच्या जाळीमागे ३,७७६ मीटर उंचीचा फुजी उभा दिसतो. टोकियोच्या वेशीवर डिस्नेलँड असताना इतक्या लांब माणसं यावीत, तर त्यांना दुसरीकडे न मिळणारं काहीतरी द्यायला हवं. फुजी-क्यूने विक्रम दिले. १९८३ मध्ये 'मूनसॉल्ट स्क्रॅम्बल' आला. १९९६ मध्ये ७९ मीटर उंचीचा 'फुजियामा' आला. पुढे २००६ मध्ये आसनंच गरागरा फिरवणारा 'एएजानाइका' आणि २०११ मध्ये १२१ अंशांच्या उतारावरून सोडणारा 'ताकाबिशा' आला.

या मालिकेत दोदोन्पाचं आगमन २१ डिसेंबर २००१ चं. ताशी १७२ किलोमीटर, आणि तेही १.८ सेकंदांत. त्या दिवशी तो जगातला सर्वांत वेगवान रोलर कोस्टर ठरला. मे २००३ मध्ये अमेरिकेतल्या सीडर पॉइंट उद्यानाच्या 'टॉप थ्रिल ड्रॅगस्टर'ने ताशी १९३ किलोमीटर गाठून तो मान घेतला. तरी वेग किती लवकर पकडला, या बाबतीत दोदोन्पाला कुणी गाठू शकलं नाही.

हवेच्या जोरावर

खोपोलीच्या इमॅजिकामध्ये 'नायट्रो'वर बसलेल्यांना नेहमीची पद्धत ठाऊक असेल. साखळी गाडीला खडखडत सुमारे ४० मीटर वर ओढते, आणि पुढचं सगळं काम गुरुत्वाकर्षण करतं. नायट्रोचा ताशी १०५ किलोमीटरचा वेग हा त्या चढाची कमाई. चढ चढताना खाली बघायला, देवाचं नाव घ्यायला वेळ मिळतो.

दोदोन्पात चढच नव्हता. अमेरिकेच्या युटा राज्यातल्या एस अँड एस कंपनीने तो बनवला होता. दाबलेल्या हवेने माणसांना मनोऱ्यावर उडवणाऱ्या खेळण्यांसाठी ही कंपनी आधीच प्रसिद्ध होती. तेच तंत्र तिने आडवं केलं. टाकीत हवा प्रचंड दाबाखाली कोंडायची. झडप उघडली की हवा दट्ट्याला ढकलते, दट्ट्या तारदोराला ओढतो आणि दोराला जोडलेली सरकगाडी प्रवाशांच्या गाडीला घेऊन सुटते. गाडीत दोन-दोनच्या चार रांगांत आठच माणसं बसत. चाकंही वेगळी होती. बहुतेक कोस्टरांना असतात तशा टणक चाकांऐवजी इथे हवा भरलेले रबरी टायर होते.

फलाटावरून गाडी सावकाश निघून बोगद्याच्या तोंडाशी थांबायची. उलटी मोजणी व्हायची, आणि मग ती सुटायची. मोठं वळण घेतल्यावर समोर ५२ मीटर उंचीचा सुळका यायचा. गाडी त्यावर काटकोनात सरळ वर चढून तशीच सरळ खाली कोसळायची. शिखरावर माणसं आसनातून उचलली जात. सगळा खेळ जेमतेम मिनिटभराचा.

दीड सेकंदात शरीराचं काय होतं

२ ऑक्टोबर २०१६ रोजी हा मूळ दोदोन्पा बंद झाला आणि १५ जुलै २०१७ रोजी नव्या रूपात, 'दो-दोदोन्पा' म्हणून परतला. सुळका गेला, त्या जागी ४९ मीटर उंचीचं उभं वर्तुळ आलं. वेग ताशी १८० किलोमीटर झाला आणि तो गाठायचा वेळ १.५६ सेकंदांवर आला. मला हा बदल दोदोन्पाच्या गोष्टीतला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सुळक्यावरचं ते उचललं जाणं हे त्याचं दुसरं वैशिष्ट्य होतं. ते गेल्यावर त्याची ओळख पूर्णपणे सुरुवातीच्या धक्क्यावर येऊन ठेपली, आणि तो धक्का आणखी वाढवलेला होता.

हे आकडे नीट पाहायला हवेत. ताशी १८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५० मीटर. हा वेग १.५६ सेकंदांत समान गतीने वाढत गेला असं धरलं, तर त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या सव्वातीन पटींहून थोडं जास्त येतं. पहिल्या दोदोन्पात ते २.७ पट होतं. ६० किलो वजनाच्या माणसाला आसनाची पाठ जवळजवळ १९६ किलोंच्या जोराने पुढे रेटते. एवढा वेग घ्यायला लागणारं अंतर फक्त ३९ मीटर, म्हणजे मुंबईच्या लोकलचे दोन डबेसुद्धा पुरते नाहीत.

जेट विमानांचे वैमानिक याहून जास्त जोर सहन करतात, असं कुणी म्हणेल. ते खरंच आहे, पण ते तरुण, तपासून घेतलेले, प्रशिक्षित असतात आणि घट्ट बांधलेले असतात. उद्यानात येणारा माणूस पन्नाशीचा असू शकतो, हाडं ठिसूळ झालेली असू शकतात आणि त्या क्षणी तो शेजारच्याशी बोलायला मान वळवून बसलेला असू शकतो.

बसण्याच्या पद्धतीने किती फरक पडतो, हे ढोबळ हिशेबातूनही कळतं. डोकं पाठीच्या गादीला टेकलेलं असेल, तर शरीर आणि आसन एकत्रच पुढे जातात. पण डोकं १० सेंटिमीटर पुढे झुकलेलं असेल तर सुटण्याच्या क्षणी ते जागीच राहू पाहतं आणि गादी मागून येते. सेकंदाच्या बाराव्या भागाहून कमी वेळात गादी डोक्यापर्यंत पोहोचते आणि ताशी सुमारे नऊ किलोमीटर वेगाने त्यावर आदळते. कंबर नि पाठ आधीच वेगात असतात आणि मधली मान ताणली जाते. साखळीने चढणाऱ्या कोस्टरात अंग सावरायला मिळणारं अर्धं मिनिट इथे नव्हतं.

तक्रारी आणि थांबलेली गाडी

डिसेंबर २०२० ते ऑगस्ट २०२१ या काळात दो-दोदोन्पावर बसलेल्या काही प्रवाशांनी मानेची किंवा पाठीची हाडं मोडल्याचं कळवलं. यातली काही माणसं तिशी ते पन्नाशीतली होती. १२ ऑगस्ट २०२१ रोजी कोस्टर थांबवण्यात आला. त्याच महिन्यात बातमी फुटली तेव्हा सुरुवातीला चार जखमींचा उल्लेख होता, पुढे हा आकडा वाढला. प्रांताचे आणि जपानच्या भूमी, पायाभूत सुविधा व वाहतूक मंत्रालयाचे अधिकारी तपासाला आले.

रूळ तुटला, गाडी घसरली, कुणी बाहेर फेकलं गेलं, असं काहीच घडलं नव्हतं. २००७ मध्ये ओसाकाच्या एक्स्पोलँडमध्ये चाकाचा आस मोडून एका प्रवासी स्त्रीचा जीव गेला, तेव्हा दोष डोळ्यांना दिसत होता. इथे यंत्र आपलं ठरलेलं काम करत असताना माणसं जायबंदी झाली. म्हणूनच हे प्रकरण अवघड आहे. मोडलेला आस बदलता येतो, पण यंत्राचं ठरलेलं कामच शरीराला झेपत नसेल तर नेमकं काय दुरुस्त करायचं?

माझ्या मते वेळेवर माहिती मिळणं इथे सर्वांत मोलाचं होतं. एकाची मान दुखावली तर तो योगायोग वाटू शकतो. पण महिन्या-दोन महिन्यांच्या अंतराने तशीच दुसरी, तिसरी तक्रार येते तेव्हा त्या सगळ्या एका माणसाने एकत्र मांडून बघायला हव्यात. पहिली दुखापत आणि गाडी थांबणं यांत आठ महिने गेले. तेवढ्यात कितीतरी माणसं त्या बोगद्यातून सुटली.

धक्का सौम्य करून गाडी पुन्हा चालवता आली असती का? तांत्रिकदृष्ट्या हवेचा दाब कमी करणं शक्य असतं. पण तीन सेकंदांत वेग घेणारे कोस्टर जगात इतरत्रही आहेत, आणि दो-दोदोन्पाकडे दाखवायला दुसरं फारसं काही उरलेलं नव्हतं. अडीच वर्षांनी त्याला कायमचं थांबवण्याचा निर्णय झाला, तो मला योग्यच वाटतो.

भावंडांची गत

दाबलेल्या हवेवर चालणारे कोस्टर मुळातच मोजके. अमेरिकेच्या किंग्ज डोमिनियन उद्यानातला 'हायपरसॉनिक' २००१ ते २००७ एवढाच टिकला. जर्मनीत नुर्बुर्गरिंग शर्यतमार्गालगत ताशी २१७ किलोमीटरचं स्वप्न घेऊन 'रिंग रेसर' उभा राहिला. २००९ मध्ये चाचणीच्या वेळी स्फोट झाला. २०१३ मध्ये लोकांसाठी तो चार दिवस चालला आणि बंद पडला.

निरोपाविना

जपानमध्ये जुन्या कोस्टरांना रीतसर निरोप देतात. नागाशिमा स्पा लँडचा लाकडी 'व्हाइट सायक्लोन' २८ जानेवारी २०१८ रोजी थांबला आणि त्याच्याच सांगाड्यातून पुढच्या वर्षी 'हाकुगेई' उभा राहिला. टोकियो डिस्नेलँडमधला १९८३ चा 'स्पेस माउंटन' ३१ जुलै २०२४ रोजी बंद होण्याआधी जवळजवळ चार महिने निरोपाचा सोहळा चालला. पहिल्या दोदोन्पाचाही शेवटचा दिवस आधी ठाऊक होता, चाहते मुद्दाम आले होते.

दुसऱ्या वेळी तसं झालं नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये त्या गाडीत शेवटचे आठ जण बसले, तेव्हा आपण शेवटचे आहोत हे त्यांना माहीत नव्हतं. मार्च २०२४ च्या घोषणेत उद्यानाने जखमींची माफी मागितली आणि इतकी वर्षं प्रेम करणाऱ्यांचे आभार मानले. दोन्ही एकाच पत्रकात आलं, आणि ते तसंच यायला हवं होतं.