नऊ एकांचा डोंगर

कंदील जरा जवळ ओढा आणि पाटीवर ओळीनं नऊ वेळा एक लिहा, १११११११११, आणि आता ह्याला ह्यानंच गुणा. भिऊ नका, एकानं गुणायचं म्हणजे तीच ओळ पुन्हा पुन्हा उतरवायची, फक्त दर खेपेला एक घर डावीकडे सरकायचं. लहानपणी मी हा गुणाकार आमच्या सारवलेल्या ओसरीवर कोळशानं मांडला, तो सरकत सरकत पार उंबऱ्यापाशी पोचला, आणि आजी रागवायला म्हणून बाहेर आली ती कमरेवर हात ठेवून बघतच उभी राहिली. कारण बेरीज करत गेलो तर उजव्या टोकाला एकटा एक, पुढच्या घरात दोन, मग तीन, असं चढत चढत मधोमध नऊ, आणि तिथून पुन्हा उतार: १२३४५६७८९८७६५४३२१. इकडून वाचा नाहीतर तिकडून, फरक नाही. घरं सतरा, भास्कराचार्यांनी 'लीलावती'त एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानं सांगितली, त्यात ह्याचा पहिला एक 'मध्य' ह्या घरात बसतो, परार्धाच्या एकच पायरी खाली.

डहाणूला १९०५ साली जन्मलेले आणि देवळालीच्या शाळेत मास्तरकी करत आयुष्य काढलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर अशा आकड्यांचे मोठे शौकीन, आणि ह्या आकड्यात त्यांना आणखी एक गंमत दिसली. मधला नऊ बाजूला ठेवा, डावीकडचे १२३४५६७८ आणि उजवीकडचे ८७६५४३२१ एकत्र मिळवा, तर ९९९९९९९९! दोन्ही टोकांची बेरीज मधल्यासारखी. ही कल्पना त्यांना डोंबिवलीला सुचली, त्या स्टेशनाचं जुनं नाव डेम्लो, म्हणून अशा संख्यांना त्यांनी 'डेम्लो संख्या' म्हटलं. इतकी देखणी गोष्ट, आणि नाव रेल्वे स्टेशनाचं. मला ते फार आवडतं.

आता सतराही अंकांची बेरीज करा. एक्क्याऐंशी येते, म्हणजे नऊ नवे, आणि ओसरीवर आपण एकही तेवढेच लिहिले होते, नऊ ओळींत नऊ नऊ. एकही हरवला नाही, कारण कुठल्याच घरात नवाच्या वर गेलो नाही, हातचा घ्यावाच लागला नाही.

मग दहा एक घेऊन तेच करा. मधल्या घरात दहा जमतात, तिथं शून्य ठेवून हातचा एक शेजारच्या नवाकडे जातो, त्याचेही दहा होतात, त्याचा हातचा पलीकडच्या आठाकडे, आणि बिचारा आठ नऊ होऊन बसतो: १२३४५६७९००९८७६५४३२१. चढणीवरची आठाची पायरीच नाहीशी झाली. मांडणीत एक होते शंभर, अंकांची बेरीज भरते ब्याऐंशी. दोन हातचे, आणि दर हातच्यामागे नऊ गेले.