ठरलेली दुरुस्ती आणि फिरलेले गिऱ्हाईक



आजचा विषय पाहून काहींना वाटले असेल की, कामगार संघटनेचे काम करणाऱ्या माणसाने पगारावर बोलावे, बोनसवर बोलावे. दुकानदारीच्या तक्रारीत त्याने का पडावे? याचे उत्तर सोपे आहे. तुळजापुरासारख्या गावात कारखाने थोडे आणि दुरुस्तीची दुकाने पुष्कळ. कोणी शेतीपंपाची मोटार भरून देतो, कोणी फटफटी दुरुस्त करतो, कोणी शिलाईयंत्र, कोणी मोबाइल. दुकानात एक मिस्त्री आणि हाताखाली एकदोन माणसे. या माणसांची गाऱ्हाणी आमच्याकडे येतात आणि त्यांच्या मुळाशी पुष्कळदा ठरलेल्या बोलीवरून फिरलेले एखादे गिऱ्हाईक असते.

आपण पंपाच्या मोटारीचेच उदाहरण घेऊ, कारण आपल्या या कोरडवाहू मुलखात ते सगळ्यांच्या ओळखीचे आहे. मोटार जळते. शेतकरी ती दुकानात आणतो. मिस्त्री पाहून रक्कम सांगतो. शेतकरी म्हणतो, "करून टाका." दोन दिवसांनी तोच शेतकरी येऊन म्हणतो, "राहू द्या मिस्त्री, आम्ही नवीच घेतो." मिस्त्री म्हणतो, "अहो दादा, आतली तार काढून टाकली की!" तेथून आवाज चढतात. मिस्त्री म्हणतो सगळे पैसे ठेवा, शेतकरी म्हणतो एक पैसा देणार नाही. दोघांनाही आपण खरे वाटतो.

पूर्वी हे भांडण असे होत नसे. बलुत्याच्या व्यवस्थेत सुतार आणि लोहार वर्षभर नांगर, कुळव, पाभर दुरुस्त करीत आणि सुगीला खळ्यावर धान्य घेत. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 'गावगाडा' या १९१५ सालच्या ग्रंथात या व्यवस्थेचे सविस्तर वर्णन केले आहे. तेथे प्रत्येक कामाची वेगळी बोली नव्हती, म्हणून बोली फिरवण्याचा प्रश्नही क्वचित. पण त्या स्थैर्याबरोबर जातीचे बंधन होते, आणि कारागिराला आपल्या श्रमाची किंमत स्वतः सांगता येत नव्हती. आता प्रत्येक दुरुस्ती हा नवा करार आहे. किंमत सांगण्याचे स्वातंत्र्य मिळाले, त्याबरोबर अटी आधी बोलून घेण्याची जबाबदारीही आली.

या व्यवहाराला लागू पडणारा कायदा म्हणजे १८७२ चा भारतीय करार कायदा. आपला जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे हा कायदा आपल्याकडे १ एप्रिल १९५१ पासून लागू झाला. त्यातील पहिली लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की, अशा करारासाठी कागद लागतोच असे नाही. जाणत्या माणसांनी राजीखुशीने, कायदेशीर कामासाठी, मोबदला ठरवून केलेली तोंडी बोलीही करार असते. "लिहून कुठे दिले होते?" हा युक्तिवाद म्हणून टिकत नाही. अडचण पुराव्याची असते, ती वेगळी.

आता गिऱ्हाईक फिरले म्हणजे नेमके काय करावे? आमचा अनुभव असा की, कोण प्रामाणिक आणि कोण लबाड येथून सुरुवात केली की भांडण मिटत नाही. काम कोठवर आले होते, हा प्रश्न आधी विचारावा. त्याचे तीन टप्पे पडतात.

पहिला टप्पा: वस्तू दुकानात आली, पण हात लागलेला नाही. मिस्त्रीने रक्कम सांगितली आणि गिऱ्हाइकाने होकारच दिला नसेल, तर करार झालेलाच नाही. होकार दिला असेल तर करार झाला खरा. पण दुकानाचे नुकसान जवळपास शून्य असते. अशा वेळी वस्तू हसतमुखाने परत द्यावी. तपासणीचे पैसे घ्यायचे असतील तर ते वस्तू उघडण्यापूर्वी सांगितलेले असले पाहिजेत.

दुसरा टप्पा अवघड: काम अर्धे झाले आहे. मोटार उघडली, जळालेले वेटोळे कापून काढले, नवी तार आणली. येथून मागे जाता येत नाही, कारण काढलेले वेटोळे परत बसत नाही. कायद्याचे कलम ७३ सांगते की, करार मोडल्यामुळे स्वाभाविकपणे जे नुकसान झाले ते भरून मिळावे. दूरचे, ओढूनताणून जोडलेले नुकसान मिळत नाही. त्याच कलमाचे स्पष्टीकरण असेही सांगते की, नुकसान कमी करण्याचे जे उपाय हाताशी होते ते हिशेबात धरावे लागतात. म्हणजे आणलेले बेअरिंग व्यापाऱ्याकडे परत जात असेल, किंवा तार दुसऱ्या मोटारीला चालत असेल, तर तिचे पैसे गिऱ्हाइकाच्या माथी मारता येत नाहीत. त्याच मोटारीच्या मापाने घडवून घेतलेला भाग मात्र परत जात नाही, त्याचे पैसे मागणे रास्त आहे. बुडालेला नफाही कायद्याने मागता येतो. परंतु दुकानात दुसरी कामे रांगेत असतील तर नफा खरोखर बुडाला हे दाखवणे कठीण. म्हणून आमचा सल्ला असा की, झालेल्या कामाची मजुरी आणि वाया गेलेला माल, एवढे मोजून मागावे आणि तेवढे ठामपणे मागावे.

येथे एक गोष्ट दुकानदारांना आवडणार नाही. काढलेली जुनी तांब्याची तार गिऱ्हाइकाची असते. ती दुकानात ठेवून घ्यायची असे आधी ठरले नसेल, तर तिची किंमत हिशेबात वजा झाली पाहिजे, नाहीतर ती परत दिली पाहिजे.

तिसरा टप्पा: काम पुरे झाले, आणि गिऱ्हाईक म्हणते, "आता नको." येथे मिस्त्रीची बाजू सर्वांत भक्कम. कलम १७० प्रमाणे, ज्याने वस्तूवर श्रम किंवा कौशल्य खर्च केले त्याला आपला मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घेण्याचा हक्क आहे. कायद्यात हिरा घासून देणाऱ्या जवाहिऱ्याचे उदाहरण दिले आहे. लगेच दुसरे उदाहरण शिंप्याचे आहे: कोट तयार होताच देईन आणि पैशांना तीन महिने थांबेन असे त्याने कबूल केले असेल, तर त्याला कोट अडवता येत नाही. उधारी कबूल करणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

या हक्काला मर्यादा आहेत. काम ठरल्याप्रमाणे पुरे झाले असेल तेव्हा तो पक्का. अर्धवट कामावर वस्तू अडवून ठेवण्याला तितका आधार नाही. तो त्याच वस्तूच्या मजुरीपुरता आहे. मागच्या वर्षीच्या उधारीसाठी या वर्षीची मोटार अडवता येत नाही. वस्तू एकदा हातची दिली की हक्कही गेला. ठेवलेली वस्तू आपल्या मालाइतकीच जपावी लागते. आणि ती परस्पर विकता येत नाही. विकण्याचा हक्क गहाणदाराला असतो, मिस्त्रीला नाही. वस्तू अडवल्याबद्दल रोजचे भाडे लावणेही चुकीचे. इंग्लंडमध्ये जहाज दुरुस्त करणाऱ्याने पैशांसाठी जहाज अडवले आणि गोदीचे भाडेही मागितले. १८६० साली तेथील सर्वोच्च पीठाने ते भाडे नाकारले. स्वतःच्या हक्कासाठी वस्तू ठेवली, तर तिचा खर्च आपलाच.

आता इसाराचे पाहू. "इसार बुडाला" असे आपण सहज म्हणतो. छोटासा इसार ठेवून घेणे चालते. पण आगाऊ घेतलेली मोठी रक्कम सगळीच गिळता येत नाही. फत्तेचंद विरुद्ध बालकिशनदास या दिल्लीतील मालमत्तेच्या खटल्यात १९६३ साली सर्वोच्च न्यायालयाने १,००० रुपयांचा इसार ठेवू दिला. पण त्यापुढे घेतलेल्या २४,००० रुपयांबाबत, नुकसान दाखवल्यावाचून ते जप्त करता येणार नाहीत, असे ठरवले. कलम ७४ चे सूत्र हेच: करारात दंड कितीही लिहा, मिळेल ती वाजवी भरपाई.

गिऱ्हाईक फिरले असे म्हणण्यापूर्वी दुकानदाराने स्वतःकडेही पाहावे. नवरात्रात आपल्या गावात यात्रेकरूंची रीघ लागते. घटस्थापनेपूर्वी गाडी तयार पाहिजे, असे बजावून एखाद्या रिक्षावाल्याने ती दिली आणि दुकानाने कोजागिरीपर्यंत लोंबकळत ठेवली, तर करार दुकानाने मोडला. वेळ हाच कराराचा प्राण असेल तर कलम ५५ प्रमाणे गिऱ्हाइकाला करार सोडता येतो. न विचारता रक्कम वाढवली, तरी तीच गोष्ट.

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. गिऱ्हाइकाशी वाद नको म्हणून पुष्कळ मालक मुकाट्याने वस्तू परत देतात आणि हप्त्याच्या हिशेबात हाताखालच्या माणसाची मजुरी कापतात: "ते काम कुठे झाले?" हे अन्यायाचे आहे. त्या माणसाने दोन दिवस तार काढली, खोबणी साफ केल्या. त्याचा करार मालकाशी आहे, गिऱ्हाइकाशी नाही. १९३६ च्या वेतन अदायगी कायद्याने पगारातून काय कापता येते याची यादी आखून दिली, आणि हल्लीच्या वेतन संहितेतही तशी यादी आहे. कामगाराच्या हयगयीने झालेले नुकसान तीत आहे. गिऱ्हाईक फिरले हे कारण तीत नाही. धंद्यातली जोखीम धंद्याच्या मालकाने सोसायची असते. म्हणूनच मालकाने गिऱ्हाइकाकडे झालेल्या कामाचे पैसे मागण्यास संकोचू नये. ती रक्कम त्याच्या एकट्याच्या खिशाची नसते.

बोलून मिटले नाही तर काय? साध्या कागदावर हिशेब लिहून, मुदत देऊन, तो पोचपावतीच्या टपालाने पाठवावा. केलेल्या कामाच्या पैशांसाठी दावा करण्याची मुदत साधारणतः तीन वर्षांची आहे. पण थोड्या रकमेसाठी कोर्टाची पायरी चढण्यापेक्षा लोकअदालत बरी. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे दावा दाखल होण्यापूर्वीचा वादही तेथे नेता येतो, आणि समेटाने झालेल्या निवाड्याला हुकूमनाम्याचे बळ असते. सदोष कामाने नाडलेल्या गिऱ्हाइकाला ग्राहक आयोगाचे दार उघडे आहेच.

आम्ही कारखान्यांतल्या वाटाघाटींत एक शिकलो: कबूल काय झाले हे त्याच दिवशी लिहून दोघांनी सही केली की निम्मे तंटे जन्मालाच येत नाहीत. दुरुस्तीच्या दुकानातही पावतीपुस्तकाचे एक पान पुरे. त्यावर वस्तू व तिची अवस्था, काम काय, अंदाजे रक्कम, किती वाढली तर आधी विचारायचे, तयार होण्याची तारीख, इसार, जुना माल कोणाचा, आणि उघडल्यानंतर काम रद्द केले तर किती द्यायचे, एवढे असावे. खाली दोघांच्या सह्या, एक प्रत गिऱ्हाइकाच्या हाती. लिहिता न येणाऱ्याला ते वाचून दाखवावे.

या सभेत दुकानात बसणारे आहेत आणि दुकानापुढे उभे राहणारेही आहेत. दुकानदारांनी उद्याच असे एक पान छापून घ्यावे. आणि इतरांनी पुढच्या वेळी वस्तू दुरुस्तीला टाकताना ते पान मागून घ्यावे. विचार बदललाच, तर मिस्त्रीच्या हातात वस्तू उघडण्याआधी निरोप पोचवावा.