वाली असेपर्यंत

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली लिनक्स लिहायला घेतलं, ते इंटेलच्या ३८६ प्रोसेसरच्या संगणकावर. डिसेंबर २०१२ मध्ये याच ३८६ला लिनक्सच्या गाभ्यातून, म्हणजे कर्नलमधून, निरोप देणारा बदल त्यांनीच स्वीकारला. बदल पाठवणाऱ्या इंगो मोल्नार यांनी चिमटाही काढला होता : तुझं ते मूळ यंत्र आता नव्या कर्नलवर सुरू होणार नाही. टोरवाल्ड्स यांनी कळवलं, की आपण काही हळवे नाही. गेलं ते बरंच झालं.

३८६ बाजारात आला १९८५ मध्ये. मेमरीच्या केवळ वाचण्यासाठी राखलेल्या पानावर खुद्द कर्नलनेच लिहिलं, तर हा प्रोसेसर अडवत नसे. मेमरीतला आकडा तपासून त्याच दमात बदलणारी, पुढे ४८६मध्ये आलेली सूचनाही त्याच्याकडे नव्हती. या उणिवा कर्नलला पदरच्या कोडने भरून काढाव्या लागत. अनेक प्रोसेसरांच्या यंत्रांसाठी काही सुधारायचं म्हटलं, की एकट्या ३८६साठी वेगळी वाट काढा. ज्यांनी ३८६ वर्षानुवर्षं पाहिलाही नव्हता, तेच त्याचा खर्च सोसत होते.

आधार काढला म्हणून जुनं यंत्र काही बंद पडत नाही. कर्नलची निरोपाआधीची ३.७ आवृत्ती त्यावर आजही चालेल. नव्या सोयी आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या मात्र यायच्या नाहीत.

२०१८ साली ४.१७ आवृत्तीत एकदम आठ प्रोसेसर-कुळं गेली. कर्नलचे विकासक आर्न्ड बर्गमन यांनी हे काम अंगावर घेतलं आणि कोडच्या जवळजवळ पाच लाख ओळी कमी झाल्या. त्यांत अ‍ॅनालॉग डिव्हायसेसचा ब्लॅकफिन होता, अ‍ॅक्सिसच्या नेटवर्क कॅमेऱ्यांतला क्रिस होता. ही काही पुराणकाळातली यंत्रं नव्हती. पण कंपन्या दुसरीकडे वळल्या आणि मागे राहिलेला कोड चालवून बघणारं कुणी उरलं नाही. असा कोड कंपाइल होतो, म्हणून जिवंत वाटतो; प्रत्यक्षात चालतो की नाही, हे कुणालाच ठाऊक नसतं.

इटेनियमची गत याहून बोलकी. इंटेल आणि एचपी यांनी मोठ्या थाटात आणलेला हा सर्व्हरांचा प्रोसेसर २००१चा. इंटेलने त्याचा पुरवठा २०२१ मध्ये थांबवला आणि जानेवारी २०२४च्या ६.७ आवृत्तीत कर्नलनेही त्याला रजा दिली. याउलट अमिगा, अटारी आणि जुन्या मॅकिन्टॉशमधलं मोटोरोलाचं ६८के कुळ इटेनियमहून कितीतरी वडील. तरी ते कर्नलमध्ये टिकलं. कंपनीचा पाठिंबा सरला, पण हौशी मंडळींनी त्याची निगा सोडली नाही.

फ्लॉपीचंही असंच झालं. २०१९ मध्ये तिचा ड्रायव्हर सांभाळणाऱ्याकडे चालू फ्लॉपी ड्राइव्हच उरला नाही, तेव्हा टोरवाल्ड्स यांनी ड्रायव्हरवर अनाथ असा शिक्का मारला. तो कोड लगेच पुसला मात्र नाही. आभासी यंत्रांत खोट्या फ्लॉपीचा वापर चालूच होता. पुढे दुसऱ्या एकाने ड्रायव्हर सांभाळायला घेतला.

२०२५ मध्ये मोल्नार यांनी ४८६लाही वगळण्याचा प्रस्ताव मांडला : चौदा हजारांहून अधिक ओळींची कपात. गणिताचा सहप्रोसेसर नसलेल्या यंत्रांसाठी लिहिलेला आकडेमोडीचा कोडही त्यात आला.

कर्नलसोबत एक साधी यादी असते : कोणता भाग कोण पाहतं. जन्मसालाचा रकाना तिच्यात नाही.