मैदानावरील मन : भीती, चीड आणि सराव

'पोर घाबरले, दुसरे काय!' हा निकाल आपल्या मैदानांवर फार झटपट दिला जातो. फडात मल्ल मागे सरला किंवा फलंदाजाचा पाय यष्टीपासून दूर गेला, की प्रेक्षकांपैकी कोणीतरी तो देऊन मोकळा होतो; पुष्कळदा शिक्षकही. मग त्या मुलाला संघातून वगळतात, नाहीतर चारचौघांत हिणवून त्याच्यातील 'मर्दपणा' जागा करू पाहतात. भीती म्हणजे जणू त्याच्या शीलावरचा डागच! आमच्या मते येथे निदानच चुकते.

मनुष्य जन्माला येतो तो काही उपजत प्रवृत्ती बरोबर घेऊनच. विल्यम मॅक्डूगल या मानसशास्त्रज्ञाने 1908 साली त्यांची एक यादीच मांडली होती. धोक्यापासून पळणे व त्यासोबतची भीती, अडवणूक झाली की लढणे व त्यासोबतचा क्रोध, चारचौघांत आपला वरचष्मा दाखविण्याची हौस, असे तिचे स्वरूप होते. माणसाचे वागणे शिकण्याने केवढे तरी बदलते हे दिसून आल्यावर पुढील संशोधकांनी ही यादी बरीचशी मोडीत काढली. परंतु भीती व क्रोध शरीरात काय घडवितात, याविषयी वॉल्टर कॅनन याने 1915 साली जे मांडले त्याचा गाभा आजही टिकून आहे. पळावयाचे असो वा लढावयाचे, शरीराची तयारी जवळजवळ एकच असते. अ‍ॅड्रेनलिन हे द्रव्य रक्तात उतरते, छाती धडधडते, पचन थांबते, तोंड कोरडे पडते आणि रक्त स्नायूंकडे धाव घेते. म्हणजे सामन्यापूर्वी ज्याच्या पोटात गोळा येतो त्याचे शरीर बिघडलेले नसते. ते कामाला लागलेले असते.

अडचण निराळीच आहे. ही तयारी धावण्यास किंवा वजन उचलण्यास उपयोगी. नेम धरण्यास किंवा चेंडूची दिशा हेरण्यास मात्र तीच जास्त झाली तर नडते. यर्क्स आणि डॉडसन यांना 1908 साली उंदरांवरील प्रयोगांत असे आढळले की, काम जितके अवघड तितकी कमी उत्तेजना त्याला पुरते. त्यापलीकडे गेली की शिकणे बिघडते. खो-खोत पाठलाग करणाऱ्याला जेवढा आवेश शोभतो तेवढा नेमबाजाला परवडणार नाही.

आता क्रिकेटचा हिशेब करून पाहू. ताशी 140 किलोमीटर वेगाने सुटलेला चेंडू फलंदाजापर्यंत सुमारे अर्ध्या सेकंदात पोहोचतो. डोळ्याने पाहून अंग हलू लागण्यातच त्यातला मोठा भाग खर्च होतो. उरलेल्या वेळात विचार करणे अशक्य. तेथे दोनच गोष्टींना जागा असते, उपजत प्रवृत्तीला किंवा मुरलेल्या सवयीला. अंगावर येणाऱ्या वस्तूपासून दूर सरणे ही प्रवृत्ती. तिच्या रेषेत पाय टाकणे ही सवय. पहिली फुकट मिळते, दुसरी वर्षानुवर्षे कमवावी लागते.

याचे उदाहरण शोधण्यास दूर जावयास नको. पॉली उम्रीगर यांचा जन्म 28 मार्च 1926 रोजी आपल्या सोलापुरातच झाला. 1952 साली ते भारतीय संघाबरोबर इंग्लंडला गेले. त्या दौऱ्यात इतर सामन्यांत त्यांनी ढिगाने धावा केल्या, द्विशतकेही काढली. पण कसोटी सामन्यांत समोर फ्रेड ट्रूमन आला, आणि सात डावांत मिळून त्यांच्या धावा झाल्या अवघ्या 43! लेग बाजूला सरणारा त्यांचा पाय तेव्हा थट्टेचा विषय झाला. ही अवस्था त्यांच्या एकट्याची नव्हती. लीड्सच्या कसोटीत दुसऱ्या डावात भारताचे चार गडी शून्यावर बाद झाले होते, आणि मँचेस्टरला ट्रूमनने एका डावात 31 धावांत आठ बळी घेतले.

हात तेच, बॅट तीच, दौराही तोच. मग कौशल्य गेले कोठे? ते कोठेच गेले नव्हते. खऱ्या वेगाची सवय जडावी असे गोलंदाज त्या काळी आपल्याकडे जवळजवळ नव्हते. सवयीची जागा रिकामी होती, ती प्रवृत्तीने भरली. हा भित्रेपणा नव्हे, ही सरावातील उणीव. पुढच्याच वर्षी, 1953 मध्ये, वेस्ट इंडिजमध्ये याच उम्रीगरांनी पाच कसोटींत 560 धावा केल्या. (तेथील मुख्य मारा फिरकीचा होता, तेव्हा या आकड्यावरून भीती मोडली असे म्हणण्याची घाई करू नये.)

खरी परीक्षा 1962 ची. मार्चमध्ये बार्बाडोस येथे चार्ली ग्रिफिथचा चेंडू कर्णधार नरी काँट्रॅक्टर यांच्या डोक्यावर आदळला आणि कवटी फुटली. त्यांना ज्यांनी रक्त दिले त्यांत उम्रीगर होते. धोका किती खरा आहे हे याहून जवळून कोणी पाहावयाचे? हेल्मेटचे दिवस अजून दूर होते. पुढच्याच महिन्यात पोर्ट ऑफ स्पेनला समोर वेस्ली हॉल होता. उम्रीगरांनी तेथे 56 आणि नाबाद 172 धावा केल्या, शिवाय 107 धावांत पाच बळी घेतले. सामना आपण हरलो, हे खरे. त्या वेळी त्यांच्या मनात भीती नसेल असे आम्हांस वाटत नाही. पण दहा वर्षांत वेगाला तोंड देऊन देऊन पायाला दुसरी वाट ठाऊक झाली होती.

क्रोधाची गोष्ट तालमीत अधिक चांगली कळते. शड्डू ठोकणे, खडाखडी करणे यांनी अंगातील लढाऊ वृत्ती जागी होते, आणि ती हवीच. परंतु चिडलेला मल्ल वजन पुढे टाकून अंगावर धावतो, आणि थंड डोक्याचा प्रतिस्पर्धी त्याच्याच जोराने त्याला धोबीपछाड घालतो. म्हणून जाणता वस्ताद शागिर्दाचा राग मारीत नाही. तो खडाखडीत मुद्दाम डिवचून डाव बिघडतो कोठे ते पाहतो. नव्या पोराला आधी मातीत पडावयास शिकविणे यातही हेच शहाणपण आहे. पडण्याची धास्ती गेली की पकड आपोआप मोकळी होते.

राहता राहिली गर्दी. नॉर्मन ट्रिप्लेट याने 1898 सालीच दाखविले की सायकलस्वार एकट्यापेक्षा सोबतीने जास्त वेगाने जातो. रॉबर्ट झायन्स याने 1965 साली त्यात मोलाची भर घातली. प्रेक्षकांसमोर माणसाकडून तेच घडते जे त्याच्या अंगात सर्वांत खोल मुरलेले असते. ते बरोबर असेल तर खेळ खुलतो, चुकीचे असेल तर चूकच उठून दिसते. कच्च्या पोराला हौसेने जत्रेच्या फडात उतरविणाऱ्या वडीलमंडळींनी हे ध्यानात घ्यावे. टाळ्या त्याला शिकवीत नाहीत.

आपल्या क्रिकेट नियामक मंडळाने 1962-63 च्या हंगामात रॉय गिलख्रिस्ट, चेस्टर वॉटसन, लेस्टर किंग आणि चार्ली स्टेयर्स या चार वेस्ट इंडियन वेगवान गोलंदाजांना आपल्याकडील संघांतून खेळविले. आमच्या समजुतीप्रमाणे तो उपाय मानसशास्त्राला धरून होता. व्याख्याने देऊन धैर्य येत नाही. बेताबेताने वेग अंगावर घ्यावा लागतो. शाळेच्या किंवा पेठेतल्या मैदानावर एवढा थाट नको. पाय काढणाऱ्या मुलाला रबरी चेंडू द्यावा, दुरून हळू टाकावा, लागला तरी इजा होत नाही हे त्याच्या अंगाला कळू द्यावे. आठवड्या-आठवड्याने अंतर कमी करावे. चामड्याचा चेंडू त्यानंतर, आणि पायाचे व हाताचे रक्षक चढवून, डोक्यावर हेल्मेट घालूनच. मध्येच पाय पुन्हा सरू लागला तर एक पायरी मागे जावे, आणि तेवढा वेळ जाळ्याभोवती जमलेल्या मंडळींना दूर बसवावे.