रद्दीच्या तराजूत गेलेली वही

चळवळीचा इतिहास लिहिण्याआधी तो राखावा लागतो, आणि राखणे हेही चळवळीचेच काम आहे. ही गोष्ट आपण अजून पुरती मनावर घेतलेली नाही. मी हा उपदेश करीत नाही. माझ्या हातून झालेल्या एका चुकीमुळे लिहितो आहे.

माझे आजोबा मुंबईच्या एका गिरणीत रिंगखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि त्यानंतर ते कामावर परत गेले नाहीत. त्यांच्यामागे एक पत्र्याची पेटी राहिली. तीत हजेरीची कार्डे, युनियनच्या वर्गणीच्या पावत्या आणि चाळीतल्या मंडळाची एक लांबट वही होती. वर्गणी कोणी किती दिली, संपाच्या महिन्यांत कोणाच्या घरी किती धान्य पोचवले, हे त्या वहीत नावानिशी लिहिलेले होते. खोली सोडताना मी ते सारे रद्दीत घातले. तेव्हा मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो, आणि विषय होता इतिहास! आजी एवढेच म्हणाली, "बघ बाबा, तू शिकलेला. तुला कळतंय." घरातल्या पहिल्या पदवीधराला इतिहास म्हणजे छापलेले पुस्तक, एवढेच कळत होते.

पुढे मी शिकवू लागलो. एका विद्यार्थ्याने वर्गात विचारले, "सर, गिरण्यांच्या संपात आपली माणसं कुठं होती?" उत्तर शोधायला मी ग्रंथालयात गेलो, आणि कामगारांचा इतिहास कोणाच्या दप्तरात टिकतो हे तिथे उमगले.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा भरवून आठवड्याच्या सुटीची मागणी केली. १८९० मध्ये रविवारची सुटी मिळाली. ते 'दीनबंधू' चालवीत. पण त्या काळच्या 'दीनबंधू'त काय छापले जाई हे पाहायचे, तर अभ्यासकाला वारंवार सरकारी अहवालांकडे जावे लागते. देशी वृत्तपत्रांवर नजर ठेवण्यासाठी सरकारचा भाषांतरकार दर आठवड्याला त्यांचा सारांश काढी, तो टिकला. १९२९ च्या मार्चमध्ये मीरत कटाच्या खटल्यासाठी पोलिसांनी झडत्या घेतल्या. तेव्हा जप्त झालेले कामगार संघटनांचे कागद पुरावा म्हणून जपले गेले. म्हणजे आपले शब्द जपण्याचे काम ज्यांना आपला धाक वाटत होता त्यांनी केले, स्वतःच्या सोयीसाठी.

परंतु पोलिसांच्या दप्तरात पुढारी येतो. रिंगखात्यातला अस्पृश्य कामगार क्वचितच येतो. मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्यात पगार अधिक होता, आणि नेमके तिथेच अस्पृश्यांना घेत नसत. कारण काय? धोट्यात नवी कांडी घातली की धाग्याचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. तोच धोटा दुसऱ्याच्या ओठाला लागणार, म्हणून विटाळ! १९२८ मध्ये सहा महिने संप चालला. त्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र संपावर गेले. एवढे आज आपण सांगू शकतो, कारण बाबासाहेबांची भाषणे आणि 'जनता'चे अंक कोणीतरी जपले. १९७९ पासून महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड काढले. त्यांच्या संपादनासाठी वसंत मून यांनी कागद गोळा करण्यात आयुष्य घातले. पण साच्यापासून दूर ठेवलेला माणूस संध्याकाळी घरी येऊन काय बोलला, हे कोणत्या खंडात मिळणार?

इतर देशांतल्या कामगार चळवळींनी हे ओळखले होते. ॲमस्टरडॅमला १९३५ मध्ये सामाजिक इतिहासाची एक संस्था उभी राहिली. हिटलरच्या राजवटीत युरोपातल्या चळवळींचे कागद नष्ट होऊ नयेत म्हणून तिने ते मिळवले. मार्क्स-एंगेल्सची बरीचशी हस्तलिखिते तिथे आहेत. आपल्याकडे २००४ मध्ये नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या शंभर आवाजांचा ग्रंथ केला. पण गिरणगाव फार मोठे होते आणि त्या पिढीतली माणसे एकेक करून जात आहेत. गिरण्यांच्या जागी मॉल उभे राहिले, जुन्या चाळी पाडून टॉवर होत आहेत. घर बदलताना पहिली रद्दीत जाते ती पत्र्याची पेटी.

यावर करायचे काय? मोठ्या संस्थेची वाट पाहू नये. कागद सापडला तर तो कोणाचा, कुठे मिळाला, हे वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून सोबत ठेवावे. त्याला टाचणी लावू नये, ती गंजते. चिकटपट्टी लावू नये. लॅमिनेशन तर मुळीच करू नये, ते पुन्हा निघत नाही. दोन्ही बाजूंचे फोटो काढून एक प्रत महाविद्यालयाच्या ग्रंथालयात द्यावी. मूळ कागद घरच्यांचा, तो त्यांच्याकडेच राहू द्यावा. वृद्धांना विचारताना पुढाऱ्यांची नावे विचारत बसू नये. खाते कोणते, पाळी कोणती, नोकरी कोणाच्या ओळखीने लागली, पाणी कुठे प्यायचे, हे विचारावे. बायकांना विसरू नये. वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत त्याच होत्या, आणि संपात चूल कशी चालली हे त्यांनाच ठाऊक आहे. सांगणाऱ्याच्या परवानगीनेच आवाज नोंदवावा. जे सांगितले ते तसेच लिहावे, पुस्तकी भाषेत घासूनपुसून नव्हे. आपल्याला न आवडणारी गोष्ट सांगितली, तरी ती गाळू नये. आपल्याच युनियनमध्ये पाण्याचे मडके वेगळे होते असे कोणी सांगितले, तर तेही चळवळीच्या इतिहासातच येते.

आजोबांची वही आता मिळणार नाही. तिच्यातली जी नावे वडिलांना आठवली ती मी लिहून घेतली. ती अकरा भरली. वहीत किती होती ते मला ठाऊक नाही, कारण ती विकताना मी उघडूनही पाहिली नव्हती. वाचकांपैकी ज्यांच्या घरी अशी पेटी अजून आहे त्यांनी ती या सुट्टीत उघडावी, आणि ती उघडताना घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवावे.