फुंकर आणि रक्त

रात्री नाक्यावर टेंपो अडवला जातो. पोलीस नळी पुढे करतो, 'फुंक मार' म्हणतो. आकडा ३० च्या वर गेला की ड्रायव्हर गप्प होतो. यंत्रापुढे आपण काय बोलणार, असे त्याला वाटते. बोलता येते, पण कायदा काय म्हणतो हे त्याला कुणी सांगितलेलेच नसते.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १८५ म्हणते, १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क म्हणजे गुन्हा. माप रक्ताचे आहे. यंत्र मात्र श्वास मोजते, आणि २१०० मिलिलिटर श्वासात जेवढा मद्यार्क तेवढा १ मिलिलिटर रक्तात, असा सर्वांना सरसकट हिशेब लावते. खोकल्याच्या औषधाचा मद्यार्क तोंडात रेंगाळला तरी आकडा फुगतो. पंधरा-वीस मिनिटांनी उतरतो. अटकेनंतर ठाण्यात पुन्हा श्वास देण्याची संधी कलम २०३ देते. ती सोडू नये.

रक्ताचे काय? कलम २०४ नीट वाचावे. पोलीस रक्ताचा नमुना मागू शकतो, असे तिथे लिहिले आहे. ड्रायव्हर मागू शकतो, असे नाही. तराजू कुणाच्या हाती आहे ते एवढ्यावरून कळते. तरी आपले हात अगदीच रिकामे नाहीत. कलम २०२ नुसार या गुन्ह्यात पकडलेल्याची दोन तासांत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी व्हावी लागते. न झाल्यास त्याला कोठडीतून सोडावे लागते. (खटला त्याने संपत नाही.) २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ प्रमाणे वैद्यकीय अहवालाची प्रतही मिळते. रक्त घेण्याची मागणी त्या डॉक्टरसमोरच करावी, लेखी करावी, आणि लगेच करावी. रक्तातला मद्यार्क तासाला १० ते २० मिलिग्रॅमने उतरतो. उशिराच्या नमुन्यावरून आधीचे काय सिद्ध होणार?

नुसता नकार देणे मात्र अंगाशी येते. सबळ कारण नसेल तर कलम २०५ खाली तो नकारच विरोधात धरता येतो.

तोंडाचा वास, अडखळती चाल, विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून माणूस प्यालेला होता असे ठामपणे म्हणता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात १९७१ साली सांगितले. पण खटल्यापर्यंत पोचतो कोण? २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. हातावर पोट असलेला माणूस घाबरून कबुली देतो. निदान सही करण्याआधी यंत्राच्या चिठ्ठीवरची वेळ आणि आकडा पाहावा. वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचून दाखवायला सांगावे.