मारोत्सीचा उत्तरकाळ

बुद्धिबळाच्या इतिहासग्रंथांत गेझा मारोत्सीचा वृत्तान्त बहुधा १९०६ सालापाशीच आटोपता घेतलेला आढळतो, आणि त्याला कारणही तसेच आहे. ३ मार्च १८७० रोजी सेगेड येथे जन्मलेल्या या हंगेरियन गृहस्थाने १९०२ आणि १९०४ साली माँटे कार्लोला व १९०५ साली ओस्टेंडला प्रथम क्रमांक मिळवला, तत्कालीन जगज्जेता लास्कर याच्याशी १९०६ मध्ये त्याचा सामन्याचा करारही झाला. परंतु तो सामना झालाच नाही, आणि 'जगज्जेता होता होता राहिलेला पुरुष' एवढ्या शेऱ्यावर त्याचे दप्तर बंद करण्याची चरित्रकारांना सवय लागली. माझे मत असे की, दोन महायुद्धांमधील त्याचा उत्तरकाळ हा या पूर्ववैभवाहून अधिक अभ्यसनीय आहे. कारण पूर्वी तो काळाबरोबर खेळत होता, नंतर काळाविरुद्ध खेळला.

पहिले महायुद्ध संपले तेव्हा मारोत्सी अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. पेशा हिशेबतपासनिसाचा. बेला कुनच्या अल्पजीवी साम्यवादी राजवटीत शिक्षण खात्याचे हिशेब तपासण्याचे काम त्याच्याकडे आले, आणि १९१९ मध्ये ती राजवट कोसळताच त्याच कामाचा ठपका येऊन सरकारदरबारी त्याला नोकरी मिळणे दुरापास्त झाले. ज्या वयात मनुष्य निवृत्तिवेतनाच्या गोष्टी बोलू लागतो, त्या वयात हॉलंड, इंग्लंड, अमेरिका असा फिरता संसार मांडून पटावर पोट भरण्याची पाळी या मितभाषी गृहस्थावर आली.

त्यात पटावरचे वारेही पालटले होते. मध्यभाग प्याद्यांनी व्यापण्यापेक्षा तो दुरून मोहऱ्यांच्या माऱ्याखाली ठेवावा, असे सांगणारा नवा संप्रदाय उदयास येत होता. आणि त्याचे दोन अध्वर्यू, ब्रेयर व रेटी, हे जुन्या हंगेरीच्याच भूमीत जन्मलेले. मारोत्सीची घडण याच्या नेमकी उलट. सी-४ आणि ई-४ या घरांवर प्यादी रोवून प्रतिपक्षाचा श्वास कोंडण्याच्या ज्या रचनेला आजही त्याचे नाव आहे, तीत त्याचा सारा स्वभाव उतरला आहे. वजिरांच्या अंतिम लढतीत तर त्याचा हात धरणारा विरळा. आपले प्यादे हळूहळू पुढे काढताना राजाला कोठे दडवावे, याचा हिशेब तो जमाखर्चाच्या वहीइतक्या निगुतीने मांडी.

अशा खेळाडूची नव्या काळात कशी तारांबळ उडे, हे पाहायचे असेल तर १९२२ मधील टेप्लिट्झ-शोनाऊचा टार्टाकोवरविरुद्धचा डाव समोर मांडावा. पांढरी मोहरी मारोत्सीची. काळ्याने हत्ती एफ-६ वरून एच-६ वर आणला, वजीर पुढे घेतला, राजाच्या बाजूची प्यादी हाकली. पांढऱ्याने जी-३ करून व उंट एफ-१ वर मागे घेऊन आपल्या मते सर्व दारे लावून घेतली. आणि सतराव्या चालीला टार्टाकोवरने एच-२ वरचे प्यादे मारून तो अख्खा हत्ती राजाच्या पुढ्यात टाकला. गंमत अशी की, त्या क्षणी काळ्याचा दुसरा हत्ती व एक उंट अद्याप मूळ घरीच होते. तरीही पुढे घाई म्हणून नाही. पांढऱ्याचा घोडा चार चालींत निमूटपणे बी-१ या घरी मागे हटला, आणि डाव गेला. एवढ्या लांबचा हिशेब पटावर बसून करता येणेच शक्य नाही, अशा समजुतीने परीक्षकांनी या डावाला सौंदर्याचे तिसरेच बक्षीस दिले. हा निर्णय मला नेहमीच काहीसा कोता वाटत आला आहे.

या पराभवाने मारोत्सी मोडला असता तर कोणी नवल केले नसते. उलट पुढच्याच वर्षी कार्ल्सबाडला अठरा जणांच्या स्पर्धेत, जेथे रुबिनस्टाइन, निम्झोविच, रेटी, टार्टाकोवर व वृद्ध टाराश अशी नामावळी होती, तेथे १७ डावांत ११॥ गुण मिळवून त्याने अलेखिन व बोगोल्युबोव यांच्या बरोबरीने पहिले स्थान घेतले. अलेखिन तिशीतला व चार वर्षांनी जगज्जेता होणारा; मारोत्सी त्रेपन्न वर्षांचा. १९२४ च्या न्यूयॉर्क स्पर्धेतही, लास्कर, कापाब्लांका आणि अलेखिन यांच्या मेळ्यात, अकरा जणांत त्याने सहावे स्थान राखले.

यासोबत चाललेले त्याचे दुसरे काम मात्र कोष्टकांत सापडत नाही. १९२१ साली बाड आउसे येथे विशीतल्या माक्स ऑयवेशी त्याने बारा डावांचा सामना ६-६ असा बरोबरीत सोडवला, आणि या भावी जगज्जेत्याला प्रौढ खेळाचे धडे मिळाले. इंग्लंडात हेस्टिंग्जला असताना त्याने व्हेरा मेन्चिक या मुलीला शिकवले. १९२७ च्या उन्हाळ्यात लंडनला पहिले बुद्धिबळ ऑलिंपियाड भरले, तेव्हा पहिल्या पटावर १२ पैकी ९ गुण घेणाऱ्या मारोत्सीच्या हंगेरीने सुवर्णपदक जिंकले, आणि त्याच शहरी, त्याच दिवसांत, मेन्चिक जगातील पहिली महिला जगज्जेती ठरली. ज्या देशाने त्याला नोकरी नाकारली, त्याच देशासाठी हे पदक होते, याचा उच्चार त्याच्या स्तुतिपाठकांनी फारसा केलेला नाही.

त्यानंतर उतार आला, तो स्वाभाविक होता. १९३० च्या सान रेमोत आणि १९३१ च्या ब्लेडमध्ये त्याचे नाव कोष्टकाच्या खालच्या अर्ध्यात दिसते.

१९५० मध्ये जागतिक संघटनेने प्रथमच अधिकृतपणे ग्रँडमास्टर ही पदवी २७ जणांना दिली. त्या यादीत ऑयवे होता, टार्टाकोवर होता, आणि मारोत्सीही होता; त्याच्याहून वयाने वडील असा त्यात मीझेस हा एकटाच. पुढच्या वर्षी, २९ मे १९५१ रोजी, बुडापेस्ट येथे मारोत्सीचे निधन झाले.